सर्टिफिकेट नेमकं कुणाच्या कामाचं?

क्लाउड तंत्रज्ञानाच्या सर्टिफिकेटचा पहिला ग्राहक उमेदवार नसून त्याची कंपनी असते. एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) भागीदार कंपन्यांसाठीच्या पार्टनर कार्यक्रमात वरच्या पायरीवर जायला ठरावीक संख्येने प्रमाणित कर्मचारी दाखवावे लागतात; निविदांमध्येही ही अट दिसते. म्हणून कंपनी परीक्षेची फी आनंदाने भरते!

कौशल्याचा पुरावा म्हणून मात्र सगळ्या परीक्षा सारख्या नाहीत. एडब्ल्यूएस सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएटला १३० मिनिटांत ६५ बहुपर्यायी प्रश्न असतात. फुटलेले प्रश्न पाठ करणारे इथेच तरतात, आणि नोकरीत पहिल्या बिघाडाला उघडे पडतात. कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवर अ‍ॅप्स चालवणारी प्रणाली) सांभाळणाऱ्यांच्या सीकेए परीक्षेत २ तास थेट टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करून, क्लस्टर (सर्व्हरचे गट) दुरुस्त करायचे असतात. तिथे घोकंपट्टी चालत नाही.

मुदतही बघा: एडब्ल्यूएसची ३ वर्षं, मायक्रोसॉफ्टच्या असोसिएट पातळीची १ वर्ष, पण नूतनीकरण ऑनलाइन आणि मोफत.