तपासणीच्या खोलीत कुणी सांगत नाही ते

मँचेस्टरच्या मॅगीज सेंटरबद्दल, म्हणजे कॅन्सरच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना येऊन बसता येईल अशा घरासारख्या जागेबद्दल, लिहायचं कधीपासून मनात होतं. गेल्या आठवड्यात तिथे जे कानावर पडलं, त्यानंतर आता राहवत नाही.

एक निवृत्त बसड्रायव्हर, माझेच पेशंट. घशाच्या कॅन्सरसाठी सहा आठवडे रेडिएशन घेतलेलं. रोज तो जाळीचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवून टेबलाला अडकवायचा, मान तसूभरही हलता कामा नये म्हणून. लाळग्रंथींपर्यंत किती डोस पोचेल, मज्जारज्जूपर्यंत किती, सगळं मी मिलिमीटरच्या हिशेबात आखलेलं. फॉलोअपला विचारलं की उत्तर ठरलेलं, "सगळं ठीक आहे, डॉक्टर." आणि मॅगीजच्या टेबलावर चहा ढवळत ते शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत होते, की रोज रात्री बायको झोपल्यावर ते स्वयंपाकघरात उभ्याने जेवतात. गिळताना ठसका लागतो, घास बाहेर येतो, ते तिच्यासमोर नको. तिला वाटतंय, हे रुसलेत.

त्या बाई म्हणाल्या, माझ्या नवऱ्याचंही असंच चालायचं. मग दोघं बराच वेळ बोलत बसले. तिथल्या नर्सने गिळण्याच्या थेरपिस्टची वेळ त्याच दिवशी ठरवून दिली.

हे सेंटर ज्यांच्या नावाचं, त्या मॅगी केझविक जेन्क्स. १९९३ साली त्यांचा स्तनाचा कॅन्सर उलटला. आता दोन-तीन महिनेच उरलेत, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि लगेच बाहेर बसायला लावलं, कारण पुढचे पेशंट खोळंबले होते. बाहेर म्हणजे खिडकी नसलेला पॅसेज. त्यानंतर त्या दीड वर्ष जगल्या आणि त्या काळात रुग्णांसाठी घरासारखी एक जागा आखली. पहिलं सेंटर १९९६ मध्ये एडिंबराच्या रुग्णालयाच्या आवारात, जुन्या तबेल्यात उघडलं. ते बघायला त्या नव्हत्या. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या नर्स लॉरा ली यांनी पुढे हे काम उभं केलं.

मँचेस्टरचं सेंटर नॉर्मन फॉस्टर यांनी आखलं, २०१६ मध्ये सुरू झालं. आत शिरल्यावर काउंटर नाही, नंबर नाही, केसपेपर नाही. थेट स्वयंपाकघर आणि मोठं टेबल. चहा आपला आपण करून घ्यायचा, कप आपला आपण विसळायचा. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, पैसे लागत नाहीत, नातेवाईकही येऊन बसू शकतात. एका टोकाला काचेचं हरितगृह आहे. ज्याला बोलायचं नसेल त्याने कुंड्यांना पाणी घालावं. सरकारी भत्त्याचा अर्ज भरून देणारा माणूसही तिथेच असतो. रुग्ण सगळ्यात जास्त घाबरतो तो त्या अर्जाला, हे मला इथे येऊन कळलं.

हे सांगितलं की घरून फोनवर हमखास ऐकू येतं, "आपल्याकडे माणसं असतात गं, आपल्याला हे चोचले कशाला?" त्यात तथ्य आहेच. परळला रेसिडेन्सी केली तेव्हा ओपीडीबाहेरचा बाक हेच काम करायचा. तोंडाच्या कॅन्सरचा नवरा घेऊन बीडहून आलेली बाई तासाभरात साताऱ्याच्या कुटुंबाची भाकरी खात असे आणि कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा, हे तिसऱ्याला समजावत असे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कॅन्सरच्या किती घरांना छप्पर दिलंय! इथे माझे पेशंट पहिलं निदान ऐकायलाही कधीकधी टॅक्सीने एकटे येतात. ते बघून आजही पोटात तुटतं. आपला बाक याहून श्रीमंत होता, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

पण त्या बाकावर सून सासऱ्यासमोर काय बोलणार? मिश्री लावून कॅन्सर झालेली आजी चार मुलांच्या देखत "मला भीती वाटते" म्हणणार का? माणसं भोवती होती म्हणूनच कितीतरी जणी गप्प राहिल्या. आणि जिच्यासोबत कुणीच नव्हतं, ती फुटपाथवर झोपली.

"मग परत ये आणि कर इथे," असंही लोक म्हणतात. डॉ. केतायून दिनशॉ केंब्रिजला शिकून भारतात परतल्या, परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात रेडिएशन विभाग उभा केला, पुढे १९९५ मध्ये संचालक झाल्या. त्यांचं नाव निघालं की मी मान खाली घालत नाही. मुलीची शाळा इथे आहे, नवऱ्याची नोकरी इथे आहे, आणि तिकडच्या रेसिडेंट्सना शनिवारी सकाळी ऑनलाइन कॉन्टूरिंग (स्कॅनवर गाठ आणि आसपासचे अवयव आखून घेणं) शिकवते तेही मनापासून. दिवसाकाठी जेवढे पेशंट इथे बघते तेवढ्यांना वेळ देता येतो. परळला पुढची फाइल टेबलावर आदळलेली असायची. तिथे मी आजच्यासारखी डॉक्टर झाले नसते, असं मला खरंच वाटतं.

नाशिकला प्रॅक्टिस करणाऱ्या मैत्रिणीला या टेबलाबद्दल सविस्तर लिहिलंय. तिच्या रुग्णालयामागे एक रिकामी खोली आहे, शेगडी आणि बाकडी लगेच मिळतील म्हणते. अडलंय ते पूर्णवेळ नर्सच्या पगारावर. वर्षाचा आकडा ती या आठवड्यात कळवणार आहे. नाशिकचे कुणी वाचत असाल तर मला जरूर लिहा.