रोज एक ओळ, तीही खरी

दिवाळीच्या आधीचा आठवडा जिल्हा परिषदेच्या शाळेत कसा जातो, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही गुरुजींना वेगळं सांगायला नको. संकलित १ चे, म्हणजे पहिल्या सत्राच्या परीक्षेचे, पेपर तपासायचे, आकारिकची, म्हणजे सत्रभर वर्गात चाललेल्या मूल्यमापनाची, बेरीज जुळवायची, गुण पोर्टलवर भरायचे. त्यातच सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी, म्हणून पट ४० आणि हजेरी २६. बीड-धाराशिवकडे ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली घरं गाडीची वाट बघत असतात. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर 'तात्काळ' लिहिलेला नवा तक्ता पडलेला असतोच. शाळा दोनशिक्षकी असेल आणि जोडीदार प्रशिक्षणाला गेला असेल, तर पाचही वर्ग एकाच्या गळ्यात.

अशा आठवड्यातही शाळेत चांगलं घडत असतं. लेकरं असतात तिथं ते घडल्यावाचून राहत नाही. अडचण अशी, की शिल्लक तांदळाला रकाना आहे, शौचालयाच्या स्थितीला आहे, वृक्षारोपणाच्या फोटोला आहे. तिसरीतल्या पोरीला आज हातच्याची वजाबाकी उमगली, याला मात्र कुठेच जागा नाही, असं आपण धरून चालतो. जागा आहे. २०१० पासून आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या आठ साधनांत 'दैनंदिन निरीक्षण' पहिलंच आहे, आणि प्रगतिपत्रकावर 'विशेष प्रगती', 'आवड, छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' असे तीन रकाने छापलेले आहेत. पहिली-दुसरीला तर १०० पैकी ७० गुण आकारिकचेच. आपण ते रकाने भरतो कशाने? फिरत आलेल्या तयार वाक्यांच्या पीडीएफने. 'कवितांचे तालासुरात गायन करतो.' 'वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होते.' ४० लेकरांचे तीन रकाने म्हणजे १२० वाक्यं, तीही सत्र संपताना, दोन रात्री बसून. त्यातलं एकही वाक्य त्या लेकराचं नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की आठवड्यातले चांगले क्षण टिपायला वेगळी डायरी, वेगळा वेळ, वेगळी साधना काही लागत नाही. जे काम तसंही करायचंच आहे, ते रोज एका ओळीनं केलं की दोन्ही साधतं.

लागतं काय? खिशात किंवा पर्समध्ये मावेल अशी शंभर पानी छोटी वही आणि तिला दोऱ्यानं बांधलेलं पेन. दोरा गमतीचा भाग नाही. शाळेत पेन पाच मिनिटांत कुणाच्या तरी दप्तरात जातं. मोबाइल यासाठी वापरू नका. ओळ लिहायला तो उघडला, की ग्रुपवरचे चाळीस संदेश आधी दिसतात आणि ओळ राहून जाते.

ओळीत चार गोष्टी हव्यात: तारीख, हजेरी क्रमांक, लेकरानं नेमकं केलं काय, आणि ते कशामुळे जमलं. नमुना असा:

'१४/१०. क्र. १७. ४३ मधून १८ काढताना एक गठ्ठा स्वतःहून सोडला. म्हणाली, "सर, तीन काड्या पुरंनात." काल दुकान-दुकान खेळलो होतो.'

विशेषण नको, क्रियापद हवं. 'छान वाचन केले' ही ओळ तीन महिन्यांनी कुणाचीही असू शकते, तुम्हालाही ती आठवणार नाही. 'पुरंनात' असं त्या पोरीच्या तोंडचंच लिहायचं, 'पुरत नाहीत' असं इस्त्री करून नाही. तांड्यावरच्या शाळेत लेकरू गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, काही म्हणालं, तर तेही तसंच. प्रगतिपत्रकावर उतरवताना प्रमाण मराठीत नेता येतं, पण मूळ नोंद ज्या बोलीत ऐकली त्याच बोलीत राहिली, की ती वाचताना ते लेकरू डोळ्यासमोर येतं.

'कशामुळे जमलं' हा तुकडा बहुतेक जण गाळतात. तो गाळू नये. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक साधा सराव तपासून पाहिला होता: आठवडाभर रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीसमोर ती का घडली तेही लिहायचं. हे करणाऱ्यांच्या मनःस्थितीतला फरक सहा महिन्यांनंतरही दिसत होता. शिक्षकाला त्या 'का'चा आणखी एक फायदा आहे. दहा ओळींत चार वेळा 'काड्यांचे गठ्ठे' किंवा 'जोडीत वाचलं' असं आलं, की पुढच्या आठवड्याचं टाचण (पाठांची आखणी) निम्मं तयार झालं.

लिहायचं कधी? घडलं त्याच तासाला. संध्याकाळी एसटीत बसून आठवू म्हटलं, तर आठवतो तो केंद्रप्रमुखांचा फोन. वाईटाची पकड चांगल्यापेक्षा घट्ट असते, हे मानसशास्त्रानं बऱ्याच प्रयोगांतून दाखवलेलं आहे. शिक्षकांना ते स्टाफरूममधल्या गप्पांवरूनही कळतं.

आणि बघायचं कुठं? फळ्याकडे तोंड करून शिकवताना काही सापडत नाही. परिपाठात सामान्यज्ञानाचा प्रश्न विचारल्यावर मागच्या ओळीत जी कुजबुज होते, तिथं बघा. बहुवर्ग असेल तर एका वर्गाला स्वयंअध्ययन देऊन दुसऱ्याकडे वळल्यावर पाच मिनिटांनी, न सांगता, पहिल्या वर्गाकडे नजर टाका; मोठं पोरगं लहानग्याला समजावत असतं आणि पुष्कळदा आपल्यापेक्षा बरं समजावतं. पण सगळ्यात जास्त मिळतं ते खिचडीच्या रांगेत.

पोषण आहार हा खरं तर तणावाचाच विषय. पहिली ते पाचवीला दर लेकरामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल; सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम. सोमवारी ४० लेकरं म्हणून ४ किलो तांदूळ आणि ८०० ग्रॅम डाळ काढली, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी हजेरी २६ वर आली तरी स्वयंपाकाच्या मावशींनी सवयीनं तेवढंच काढलं, तर १ किलो ४०० ग्रॅम तांदूळ जास्त शिजतो. मग साठा नोंदवही, रोजची ऑनलाइन नोंद आणि प्रत्यक्ष पोतं या तिघांचा मेळ बसत नाही. चूक साधी आहे: हजेरी घेण्याआधीच तांदूळ मोजला जातो.

यावर उपाय करता करता वहीतली ओळही मिळते. पाचवीतल्या दोन लेकरांना आठवड्याची पाळी द्या. परिपाठ संपला की त्यांनी वर्गावर्गांतून हजेरी आणायची, शंभरनं आणि वीसनं गुणायचं, किलो-ग्रॅम करून कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचं आणि मावशींना द्यायचं. तुम्ही फक्त चिठ्ठीवर सही करायची. २६ गुणिले २० म्हणजे ५२० हे एकदा प्रत्यक्ष डाळीत दिसलं, की ग्रॅमचं किलो करण्याचा पाठ वेगळा शिकवावा लागत नाही. पहिल्या आठवड्यात चुका होतात, बहुतेक शून्याच्या: ५२० चे ५२ किंवा ५२०० होतात. ५२०० ग्रॅम म्हणजे पाच किलोच्या वर डाळ, हे ऐकून मावशी जे बोलतात तेही लिहून ठेवण्यासारखं असतं.

पाळी देताना हुशार दोघंच निवडायची नाहीत. तीच चूक वहीतही होते. महिनाभर ओळी लिहिल्यावर मोजून बघा, पाच-सहा नावंच पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर १ ते ४० चौकटी आखा, ओळ लिहिली की त्या क्रमांकावर खूण करा. सोमवारी रिकाम्या चौकटींतले तीन क्रमांक ठरवा आणि त्या आठवड्यात फक्त त्यांच्याकडे लक्ष ठेवा. तिन्ही ओळी बहुतेक वेळा मिळतात. लेकरू बदललेलं नसतं, आपली नजर तिकडे वळलेली असते. जे लेकरू आठ-आठ दिवस येतच नाही त्याची चौकट रिकामी राहते, पण तीही माहितीच आहे. घरी जायचं कुणाकडे, हे तिथून कळतं.

शनिवारी सकाळची शाळा. २०२४ पासून पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार आहे, म्हणजे दप्तराची कटकट कमी. शेवटची दहा मिनिटं ठेवून वहीतल्या तीन-चार ओळी वर्गाला वाचून दाखवा, त्या वेळी नावासह. इथं दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे लेकरं लगेच 'सर, माझं बी लिवा' म्हणत वहीसाठी वागू लागतात. म्हणून चालू आठवड्यातलं वाचायचं नाही, मागच्या आठवड्यातलं वाचायचं. आज केलेल्याचं कौतुक आजच मिळत नाही म्हटल्यावर तो सोस उतरतो. दुसरी म्हणजे क्रमांक लावायचा मोह. पहिला, दुसरा आलं की हे सगळं पुन्हा चाचणी परीक्षा होऊन बसतं. चॉकलेटही नको.

स्वतःसाठीही वाचायचं ते आठवड्यातून एकदाच. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टी मोजणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा मोजणाऱ्यांना तो दिसला नाही. जास्त केलं की त्याचंही एक विवरणपत्र होतं, आणि ती आपल्याकडे मुळातच भरपूर आहेत.

विवरणपत्रांचं निघालंच आहे, तर थोडं तेही. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: ११ अंकी यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), वर्गनिहाय पट मुलं-मुली आणि प्रवर्ग वेगळे करून, खोल्या, शौचालयं, वीज ग्राहक क्रमांक, शाळा व्यवस्थापन समितीची मुदत. 'तात्काळ' येणाऱ्या माहितीत बहुतेक हेच पुन्हा मागितलेलं असतं, फक्त रकान्यांचा क्रम बदलून. पट बदलला की त्याच दिवशी कागदावर पेन्सिलीनं दुरुस्ती. ग्रुप बघायच्या वेळा दोन: परिपाठाआधी आणि शाळा सुटल्यावर. अधिकाऱ्यांना खरंच घाई असेल तर फोन येतो.

ऊसतोडीला निघणाऱ्या लेकरांचं मात्र घाईनं उरकू नये. आजी-आजोबांकडे राहू शकणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृह असतं. बाकीची लेकरं आई-बापासोबत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत. त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे तिथल्या शाळेला त्यांना वर्गात बसवून घेणं सोपं जातं. या कार्डासोबत वहीतल्या दोन ओळी एका चिठ्ठीवर लिहून जोडा. 'प्रगती समाधानकारक' वाचून तिकडच्या बाईंना काही कळत नाही. 'सातपर्यंत पाढे पाठ, जोडाक्षराला अडतो, प्राण्यांच्या गोष्टी स्वतःहून वाचतो' एवढं वाचलं, तर पहिल्याच दिवशी त्याच्या हातात कुठलं पुस्तक द्यायचं ते कळतं. कार्ड पालकाच्या हातात द्या, आणि ते धान्याच्या डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगा. ऊसतोडीच्या कोपीत (झोपडीत) दुसरी कोरडी जागा नसते.

या वहीनं काय होणार नाही, तेही सांगतो. रिकामी पदं भरली जाणार नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकांकडे ठेवलेली आहेत, त्यामुळे बीएलओ म्हणून करायचं मतदार यादीचं कामही सुटणार नाही. सगळं सोसून हसतमुख राहणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे, असं कुणी प्रशिक्षणात सांगत असेल, तर मला ते मान्य नाही. दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, शाळेच्या नावानं छातीत धडधडत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

शेवटचं, वही भरल्यावर काय करायचं त्याविषयी. सत्राअखेरीस प्रगतिपत्रक भरताना ती समोर ठेवा. ज्या क्रमांकाच्या चार-पाच ओळी आहेत, त्याचे तीनही रकाने पाच मिनिटांत भरतात. घरातलं भांडण, बापाची दारू, कर्ज असं काही ऐकून लिहिलं गेलं असेल, तर ते पान फाडून नष्ट करा. ते वहीत मुळात यायलाच नको होतं. बाकीची वही, बदली झाली तर, त्या वर्गावर येणाऱ्या नव्या शिक्षकांच्या हातात द्या, सोबत हजेरी क्रमांकांची यादी जोडून, कारण जूनमध्ये क्रमांक बदलतात.