कबड्डीचा दम यंत्राला शिकवताना

संग्रहालयाच्या क्रीडा दालनासाठी कबड्डीचं एक खेळून बघायचं प्रदर्शन करायचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा जागा ठरलेली होती. तळमजल्यावरची ८ मीटर लांब, ५ मीटर रुंद खोली आणि पश्चिमेला एक मोठी खिडकी. बाकी सगळं आमच्यावर सोडलेलं होतं. मी प्रदर्शनांची मांडणी करते. शाळेत असताना बचावात उजव्या कोपऱ्यात खेळायचे, त्यामुळे हे काम हातात आलं त्या दिवसापासून डोक्यातून गेलंच नाही.

पहिल्या बैठकीत समितीचा आग्रह डोळ्यांसमोर आभासी मैदान उभं करणाऱ्या व्हीआर चष्म्यांचा होता. मी विरोध केला. सहलीची मुलं पन्नास-साठच्या घोळक्याने येतात. चष्मा एकाच्या डोळ्यांवर आणि बाकीचे रांगेत ताटकळत, असं होतं. त्याहून मोठी अडचण अशी की चष्मा लावला की स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि चढाई तर पायांच्या भरवशावर असते. शेवटी ठरलं की खेळणाऱ्याच्या अंगावर काहीही चढवायचं नाही. खाली मॅट, वरून प्रोजेक्टरचा उजेड, चौफेर आवाज, बस.

पुरुषांच्या मैदानाची एक बाजू साडेसहा मीटर खोल आणि दहा मीटर रुंद असते. रुंदी आमच्याकडे नव्हती, म्हणून रुंदी कापली. मैदानाची खोली मात्र एक सेंटिमीटरही कमी केली नाही. मध्यरेषेपासून निदान रेषा, म्हणजे चढाईपटूने निदान जिथवर जायलाच हवं ती, ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर जादा गुणाची बोनस रेषा. टीव्हीवर हे अंतर किरकोळ वाटतं. उभं राहून बघितलं, की परत यायचंय हे लक्षात घेऊन पावणेचार मीटर आत शिरणं म्हणजे काय ते पोटात कळतं. हे कळावं म्हणूनच सगळा खटाटोप होता.

पहिल्या नमुन्यात आम्ही समोरच्या भिंतीवर सात बचावपटू दाखवले. पूर्ण उंचीचे, छान हलणारे. सल्ल्यासाठी एक निवृत्त पंच येत होते. त्यांनी एकदा चढाई करून बघितली, दोनदा बघितली आणि मॅटवर बसून म्हणाले, "ताई, हे सगळे माझ्या समोर आहेत. समोरच्याची भीती नसते. कोपरा मागून कधी सरकतो, त्याची भीती. परतीची वाट कोण बंद करतंय, चढाईपटू ते शोधत असतो."

मी स्वतः कोपऱ्यात खेळलेली, आणि मला हे सुचलं नव्हतं! भिंतीवरचं तीन महिन्यांचं काम बाजूला ठेवलं. बचावपटूंची शरीरं काढून टाकली आणि त्यांची फक्त पावलं ठेवली. मॅटवर उजेडाची सात जोड पावलं. तुम्ही डावीकडे झुकलात की उजवा कोपरा तुमच्या मागे सरकतो. दोन पावलांच्या जोड्यांमध्ये एक रेघ उमटते, ती त्यांची साखळी. परतताना पाय त्या रेघेत सापडला की पकड. मॅटवरच्या अनवाणी पावलांचा आवाज आम्ही खऱ्या सरावात ध्वनिमुद्रित केला आणि आठ स्पीकरमधून त्या-त्या दिशेने सोडला. मागून पाऊल वाजलं की माणूस वळून बघतोच. लहान मुलं तर किंचाळतात.

तांत्रिक भागात दोन गोष्टींनी छळलं. खेळणारा कुठे आहे ते टिपायला आम्ही अंतर मोजणारा कॅमेरा बसवला होता. तो अवरक्त प्रकाश सोडतो आणि तो प्रकाश परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतातच. दुपारी चारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन मॅटवर उतरलं की त्या पट्ट्यात आलेला माणूस कॅमेऱ्याच्या लेखी नाहीसा व्हायचा. चार दिवस आम्ही प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो, कारण सकाळी सगळं व्यवस्थित चालायचं. अखेर काचेला किरण अडवणारी फिल्म लावली, आतून जाड पडदा लावला आणि प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट उशिराची. पाय हलल्यापासून बचावाची पावलं हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जात होता. कार्यालयात टेबलाशी बसून हा उशीर चालून जातो, पण दहावीतला चपळ मुलगा तेवढ्यात बोनस घेऊन निघून जायचा. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून आम्ही कॅमेऱ्याच्या आकड्यांची सरासरी काढत होतो, ती जवळजवळ काढून टाकली. पावलं थोडी थरथरतात आता, पण वेळेवर येतात. मला ती थरथर खरीच वाटते. बचावपटू कुठे स्थिर असतो?

आता दमाबद्दल. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रदर्शनाचा जीव तिथे होता.

चढाई ३० सेकंदांची. मध्यरेषा ओलांडण्याआधी 'कबड्डी, कबड्डी' सुरू झालं पाहिजे आणि परत येईपर्यंत तुटता कामा नये. दम गेला की चढाईपटू बाद. जगातल्या किती खेळांमध्ये श्वास हाच नियम आहे? हे पाटीवर लिहून कळत नाही, म्हणून यंत्राने दम ऐकायला हवा होता.

प्रोग्रामरने सुरुवातीला शब्द ओळखणारी प्रणाली बसवली. 'कबड्डी' हा शब्द ऐकू आला तर दम चालू, नाही आला तर तुटला. कार्यालयात उत्तम चाललं. मग चाचणीसाठी आम्ही आसपासच्या लोकांना बोलावलं. त्यात सत्तरीच्या पुढचे एक आजोबा होते, धोतर आणि पांढरा सदरा. त्यांनी चपला काढल्या, रेषेला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत शिरले, "हुतूतूतूतूतू" करत. पडद्यावर लगेच लाल अक्षरं: दम तुटला. आजोबा थांबले. पुन्हा मागे गेले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा लाल अक्षरं. मग त्यांनी हळूच विचारलं, "माझं काही चुकतंय का?"

मला अतिशय वाईट वाटलं. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. आपल्याकडे जुन्या पिढीने हा खेळ हुतूतू म्हणूनच खेळला. बंगालमध्ये हा-डु-डु म्हणत खेळतात, तमिळनाडूत चडुगुडु. स्पर्धेच्या नियमात 'कबड्डी' हाच उच्चार लागतो हे खरं, पण आमचं दालन म्हणजे स्पर्धा नव्हती. ज्यांचा खेळ आम्ही जपायला निघालो होतो, त्यांनाच आम्ही बाद ठरवत होतो.

त्या रात्री शब्द ओळखणं काढून टाकायचं ठरलं. यंत्राने शब्द ऐकायचा नाही, श्वास ऐकायचा. म्हणजे आवाज सलग आहे की मध्ये खंड पडला, एवढंच. हेही सोपं नव्हतं, कारण 'कबड्डी' म्हणताना 'क'ला आणि 'ब'ला हवा क्षणभर अडतेच. यंत्राला तो खंड वाटतो. आम्ही बऱ्याच जणांच्या चढाया ध्वनिमुद्रित करून आवाजाच्या आलेखावर बोट ठेवून बसलो. अक्षरांमधली फट अगदी बारीक असते. श्वास घेतल्याची फट तिच्यापेक्षा स्पष्ट रुंद असते आणि तिच्यात हवा आत ओढल्याची हलकी खरखरही येते. या दोन खुणांवर दम तुटला की नाही ते ठरवलं. पंच सर शेजारी बसून डोळे मिटून ऐकायचे आणि दम गेला की बोट वर करायचे. यंत्राचं आणि त्यांचं बोट एकाच वेळी वर जाईपर्यंत आम्ही आकडे बदलत राहिलो.

मग गोंगाट. एक मुलगा चढाईला आणि रेषेबाहेर चाळीस मुलं एका सुरात 'कबड्डी कबड्डी'. त्याचा दम केव्हाच संपलेला, पण यंत्राला बाहेरच्यांचा ऐकू यायचा. मुलांना गप्प करा, असा एक सल्ला आला. मला तो मान्य नव्हता. मैदानाभोवती ओरडायचं नाही तर कुठे ओरडायचं? छताला चार मायक्रोफोन बसवले. एकच आवाज चौघांपर्यंत वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो, त्या फरकावरून तो कुठून आला हे काढता येतं. खेळणारा कुठे आहे ते कॅमेऱ्याला माहीत असतंच. कॅमेरा जागा सांगतो, मायक्रोफोन फक्त त्या जागेचं ऐकतात. मोठ्या घोळक्यात अजूनही कधी कधी चुकतं, पण मुलं ओरडू शकतात.

चाकांच्या खुर्चीवरून आलेल्या एका मुलीसाठी पावलांऐवजी शरीराचा मध्य धरायची सोय नंतर केली. खरं तर ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

इतिहासाच्या पाट्या आधी प्रवेशापाशी लावल्या होत्या. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे केलेली प्रात्यक्षिकं, संजीवनी, गामिनी आणि अमर हे खेळाचे जुने प्रकार, १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेतला समावेश. कुणी वाचत नव्हतं. खेळून झाल्यावर लोक धापा टाकत बाहेरच्या बाकावर बसतात, असं लक्षात आल्यावर पाट्या बाकासमोर, बसल्या नजरेच्या उंचीवर हलवल्या. आता श्वास जागेवर येईपर्यंत लोक वाचत बसतात.

पकडीचं काम मात्र राहिलं आहे. रेघेत पाय अडकला की पकड, हे नियमापुरतं ठीक. पण घोट्याला खरा हात पडतो तेव्हा अंगातून जे जातं ते त्यात नाही. माणसांनी माणसांना धरायचं तर दालनात दुखापतीचा धोका, म्हणून सध्या एक कापूस भरलेला पाय शिवून घेतला आहे, आत ताण मोजणारा सेन्सर. बघणाऱ्याने घोटा धरायचा, पाय झटका देणार, पकड टिकली का ते कळणार. दोन सेन्सर मुलांनी ओढून तोडले. तिसरा गेल्या आठवड्यात जाड पट्टीवर बसवला आहे. पंच सरांनी तो धरून पाहिला आणि म्हणाले, पाय फार सरळ झटकतोय, जरा पिळून सोडवायला शिकवा त्याला. सध्या तेच चालू आहे.