आमची वाटचाल : वरूडचे गेम आणि त्यांची बारशी

आमच्या दुकानाच्या पाटीवर सुरुवातीला ‘मोबाईल रिपेअरिंग, झेरॉक्स, सायबर कॅफे’ एवढंच होतं. अमरावती जिल्ह्यातल्या वरूडच्या बस स्टँडपासून हाकेच्या अंतरावर गाळा, आत मोजके जुने कॉम्प्युटर, तासावर पैसे. शाळा सुटली की पोरांचा गराडा पडायचा आणि पहिली आरोळी ठरलेली, “भाऊ, मुस्तफा लावून द्या नं!”

मुस्तफा नावाचा गेम कॅपकॉमने काढलाच नव्हता. त्यांनी १९९३ मध्ये काढला तो ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्यातल्या चार खेळाडूंपैकी एकाचं नाव मुस्तफा, आणि आपल्याकडच्या पोरांनी अख्खा गेम त्याच्या नावावर करून टाकला. कॅडिलॅक गाडी वरूडात कोणी पाहिलेली नव्हती. ते नाव कोणी नेटाने म्हणायला घेतलंच, तर संपेपर्यंत कॉम्प्युटरवर दुसराच बसलेला असायचा. ‘प्रोजेक्ट आयजीआय : आय अ‍ॅम गोइंग इन’ याचं नुसतं ‘आयजीआय’ उरलं. ‘कॉन्ट्रा’च्या नावाला मात्र कोणी हात लावला नाही. दारातून ओरडता येतं, आणखी काय पाहिजे?

पुढे स्वतःचे गेम काढायला लागलो तेव्हा हे सगळं कामी आलं. माझं मत तेव्हापासून एकच आहे. पानठेल्यावर एकाने नाव सांगितलं, दुसऱ्याने घरी जाऊन शोधलं आणि त्याला सापडलं, तर नाव चांगलं. अर्थ, डौल, लोगो हे सगळं त्याच्या मागून.

गेमकडे वळलो तो साळ्यामुळे. अमरावतीला इंजिनिअरिंग करून तो परत आला, पुण्याला जायचं नव्हतं आणि डोक्यात गेमच होते. घर आजही पतसंस्थांच्या आणि शाळांच्या सॉफ्टवेअरवर चालतं, ते काम रटाळ आहे आणि पैसे वेळेवर देतं. गेमचं काम संध्याकाळी, लाइट असली तर.

पहिला गेम बैलजोड्यांच्या शर्यतीचा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी आणली, त्यामुळे आमच्या भागातले शंकरपट, म्हणजे याच बैलजोड्यांच्या शर्यती, बंद पडले होते. धारणीपासून वर्ध्यापर्यंत कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा, तळेगाव दशासरच्या पटाच्या गोष्टी सांगताना तो उठून उभा राहतो. म्हणून गेमचं नाव ठेवलं ‘शंकरपट’. विदर्भात एकालाही समजावून सांगावं लागलं नाही. पश्चिम महाराष्ट्रात मात्र बैलगाडा शर्यत म्हणतात, त्यामुळे तिकडच्या एका काकूंनी गेमखाली प्रतिक्रिया टाकली होती की आरती कुठे आहे ते सापडत नाही.

खरी अडचण स्पेलिंगची होती. आपले लोक मराठी बोलतात आणि शोधतात इंग्रजी अक्षरांत. म्हणून आम्ही एक परीक्षा ठरवली, ती आजही प्रत्येक नावाला द्यावीच लागते. पुतण्याला रस्त्यावर उभं करायचं, मागून ट्रॅक्टर जात असला तर उत्तम. त्याने मोर्शीच्या मित्राला फोन लावून नाव एकदाच सांगायचं. मित्राने ते टाइप करून स्क्रीनशॉट पाठवायचा.

‘शंकरपट’चे स्क्रीनशॉट अजून साळ्याच्या फोनमध्ये आहेत. एकाने सुरुवातीला नुसता एस टाकला, दुसऱ्याने एस-एच. एकाने शेवटी टी, दुसऱ्याने टी-एच, म्हणजे झाला शंकर-पाठ. बोलून शोधणाऱ्या एका आजोबांना फोनने शंकराची स्तोत्रं काढून दिली. शेवटी खालच्या वर्णनात सगळी स्पेलिंगं वाक्यांमध्ये पेरून टाकली.

तेव्हापासून मोठ्या कंपन्यांची नावं मी याच चाळणीतून पाहतो. १९८० मध्ये नामको कंपनीचा गेम जपानात ‘पक-मॅन’ म्हणून आला. अमेरिकेत पाठवताना कोणाच्या तरी लक्षात आलं की मशीनवरच्या ‘पी’ला टवाळ पोरांनी थोडं खरवडलं की ‘एफ’ होतो आणि शिवी तयार. म्हणून ‘पॅक-मॅन’. पोरं नावाचं काय करतील हे आधी पाहणारा माणूस मला फार आवडतो. १९९६ चा ‘बायोहॅझर्ड’ अमेरिकेत ‘रेसिडेंट इव्हिल’ झाला, कारण ते नाव तिकडे आधीच दुसऱ्यांनी वापरलेलं होतं. नवीन नावाचा नीट अर्थ लागत नाही, पण भीती वाटते, आणि त्या गेमला तेवढं पुरतं. १९८४ मध्ये मॉस्कोत ॲलेक्सी पाजित्नोव यांनी बनवलेल्या गेमचं ‘टेट्रिस’ हे नाव तर घडवलेलंच, ग्रीकमधला ‘चार’ आणि त्यांचा आवडता टेनिस यांतून. दुसरं काहीच त्या नावाचं नाही, त्यामुळे शोधलं की तेच समोर येतं. याउलट ‘इनसाइड’ किंवा ‘कंट्रोल’. गेम उत्तम आहेत, पण नुसतं तेवढं टाकून शोधून दाखवा.

आणि वाईट नावांचा राजा म्हणाल तर २०१७ चा ‘किंगडम हार्ट्स एचडी २.८ फायनल चॅप्टर प्रोलॉग’. आमच्या सौ. हिशेबाच्या वह्या सांभाळतात, गेम खेळत नाहीत. त्यांनी एकदाच वाचलं आणि म्हणाल्या, “शेवटचा अध्याय की प्रस्तावना, एक काय ते ठरवा म्हणावं.”

पबजीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. ब्रेंडन ग्रीन हा माणूस ऑनलाइन ‘प्लेयरअननोन’ नावाने वावरायचा, म्हणून २०१७ मध्ये ‘प्लेयरअननोन्स बॅटलग्राउंड्स’. अडगळीचं नाव. पण आद्याक्षरं अशी जुळली की गावोगाव पबजी झालं. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने बंदी घातली, पुढच्या वर्षी तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणून परत आला, आणि आमच्या चौकातली पोरं अजूनही पबजीच म्हणतात. बंदीनंतर लगेच जाहीर झालेल्या ‘फौजी’ने उलटा धडा दिला. चार इंग्रजी अक्षरं, आणि उच्चारली की आपला ओळखीचा शब्द. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला त्याआधीच नाव घरोघरी गेलं होतं. माझ्या मते गेमला ते नाव पेललं नाही.

आता आमच्याच एका नावाबद्दल. शंकरपटची पुढची आवृत्ती शहरातल्या एका पब्लिशरने घेतली. त्यांनी नाव सुचवलं ‘बुल कार्ट रेसिंग सिम्युलेटर थ्रीडी’. साळ्याने जेवण सोडायचंच बाकी ठेवलं होतं. पण तेच नाव लागलं, आणि डाउनलोड शंकरपटपेक्षा खूप जास्त झाले. कारण साधं आहे. लोक ‘बुल’, ‘रेसिंग’, ‘थ्रीडी’ असंच टाकून शोधतात, आणि हे नाव म्हणजे त्या शोधाचीच नक्कल. असली नावं ठेवणाऱ्यांना मूर्ख म्हणणं मी सोडून दिलंय. पण एक गंमत सांगतो. दुकानात डिस्प्ले बदलायला आलेल्या एका शेतकऱ्याच्या फोनवर आमचाच तो गेम दिसला. विचारलं, “हा कोणता गेम हाये भाऊ?” तो म्हणाला, “काय मालूम, बैलायचा हाये थो.” पोराला आवडला, पोराने चुलतभावाला काय म्हणून सांगावं? त्या नावाने गिऱ्हाईक आलं, पण गिऱ्हाइकाने दुसरं गिऱ्हाईक आणलं नाही.

२०२१ पासून गूगलच्या स्टोअरवर नाव ३० अक्षरांतच बसवावं लागतं. ‘बेस्ट’, ‘नंबर वन’, ‘फ्री’ असले शब्दही घालू देत नाहीत, ते फार बरं झालं. मराठीत लिहिणाऱ्याला मात्र ३० अक्षरं लवकर संपतात, कारण संगणकाच्या हिशेबात काना, वेलांटी, अनुस्वार हे प्रत्येक वेगळं अक्षर. त्यात फोनच्या पडद्यावर आयकॉनखाली लांब नावाचा शेपटा तुटतो आणि टिंबं येतात. म्हणून आमच्याकडे नियम आहे की पहिल्या दोन शब्दांत गेम ओळखू आला पाहिजे.

‘तान्हा पोळा’ या नियमात चपखल बसला. लाकडी बैल सजवायचा, झूल घालायची, घरोघर न्यायचा, लहान पोरांसाठीचा गेम. नागपूर-वर्ध्याकडच्या आयांनी नुसतं नाव वाचून घेतला. पोळ्याच्या आठवड्यात नुसता धडाका, आणि गणपती बसले की शुकशुकाट. सणाचं नाव ठेवलं की वर्षाचे उरलेले महिने ते नावच गेम झाकून टाकतं. तरी तो आम्ही बंद करणार नाही, दरवर्षी झुलीचे नवीन रंग टाकतो.

सगळ्यात जमलेलं नाव आम्ही ठेवलेलंच नाही. संत्र्याचे क्रेट ट्रकमध्ये रचण्याचा कोड्याचा गेम होता. साळ्याचं म्हणणं ‘ऑरेंज’ असं काहीतरी, माझं म्हणणं ‘बहार’. आंबिया बहाराचा माल निघत होता, समोरच्या मंडीत ट्रक भरणं चाललं होतं आणि एक हमाल सतत ओरडत होता, “गाडी भर, गाडी भर!” तेच ठेवलं. नावातच काय करायचं ते सांगितलेलं, त्यामुळे सुरुवातीची सूचना देणारी पाटी काढून टाकली तरी कोणाचं अडलं नाही. पुतण्याच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास, फक्त कोणी एक ‘ए’ टाकला कोणी दोन. शोधलं की बाकीच्या शेकडो गाड्यांचे गेम वर यायचे, म्हणून शेवटी ‘गाडी भर : संत्रा ट्रक’ केलं.

नाव चाललं की नक्कल येते. नागपूरच्या ट्रेडमार्क वकिलांनी आम्हाला समजावलं की ‘शंकरपट’ हे शर्यतीचंच नाव, ते एकट्याच्या नावावर सहसा होत नाही. ‘गाडी भर’साठी वर्ग ९ मध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यात येतं त्या गटात, अर्ज केला. लहान उद्योगाला ऑनलाइन ४,५०० रुपये फी, नाहीतर ९,०००. ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आल्यावर ४ महिने कोणीही हरकत घेऊ शकतो, आणि मंजूर झालं की १० वर्षं. हरकतीची धास्ती उगीच नव्हती. ‘कँडी क्रश सागा’वाल्या किंग कंपनीने ‘द बॅनर सागा’ या छोट्या टीमच्या गेमला ‘सागा’ शब्दावरून अडवलं होतं, २०१४ मध्ये ते मिटलं. आमच्या ‘भर’वर मात्र कोणी दावा केला नाही.

सध्या बाजार समितीतल्या हर्राशीवरचा, म्हणजे लिलावावरचा, गेम तयार होतोय. ढिगाऱ्यासमोर उभं राहून भाव लावायचा, व्यापारी रुमालाखाली बोटं धरतो, ती ओळखायची. साळ्याला ‘हर्रास’ पाहिजे. पुण्याची मेहुणी म्हणते, हा शब्द तिने आयुष्यात ऐकलेला नाही, ‘बोली’ ठेवा. ‘बोली’ शोधलं की वऱ्हाडी बोलीचे विनोदी व्हिडिओ येतात, ते पुतण्याने कालच दाखवलं. सौ. ‘रुमाल’ म्हणतात, आणि मला तेच पटायला लागलंय. मोर्शीवाल्या मित्राची सध्या परीक्षा चालू आहे, ती संपली की त्याला फोन लावायचा आहे.