आठ मिनिटांत बंद पडणारा गेम आणि मागाची फणी

मागच्या श्रावणातली गोष्ट. बेळगावात खडेबाजारच्या बाजूच्या गल्लीत माझं रिपेरिंगचं दुकान आहे, मोबाईल जास्त येतात, लॅपटॉप थोडे आणि गेमचे कन्सोल महिन्याला चार-पाच. त्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागलेली, गिऱ्हाईक कोण नव्हतं, आणि एक अकरावीतला पोरगा प्लास्टिकच्या पिशवीत कन्सोल गुंडाळून घेऊन आला. मागोमाग त्याचे वडील, छत्री मिटवत. वडगावचे, घरातच चार यंत्रमाग, साड्या विणतात.

पोरगा काही बोलेना. शेवटी वडीलच म्हणाले, "आधी तासभर तरी चालत होतं ओ, आता आठ मिनिटात बंद पडूलालंय. घड्याळ लावून बघितलंय मी."

मी उलटं करून बघितलं तर स्क्रूवरचं सील फाटलेलं. विचारलं, कोणी उघडलं? पोरगा माझ्याकडं न बघता म्हणाला, "मीच उघडलो दादा." वडील एकदम त्याच्याकडं वळले. त्यांना माहीतच नव्हतं. साडीच्या मजुरीतून दोन वर्षं साठवून घेतलेली वस्तू, ते गप्प बसले पण हातातली छत्री घट्ट धरली होती.

मी पोराला आत बोलावलं आणि म्हटलं, काय काय केलंस ते पहिल्यापासून सांग, मी रागवणार नाही. आणि खरं सांगतो, त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला त्याचं कौतुकच वाटलं. टी-८ चा स्क्रूड्रायव्हर मागवला होता, मधे भोक असलेला, कारण साध्यानं तो स्क्रू निघत नाही. प्लग काढून अर्धा तास थांबला होता, कारण पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमधे करंट राहतो हे त्याला माहीत होतं. चिप आणि तिच्यावरच्या धातूच्या मधे लावतात ती जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, नवीन लावली, थर्मल पॅडपण, म्हणजे मेमरीच्या चिपांवर बसतात त्या मऊ पट्ट्या, बदलले. फॅन ब्रशनं साफ केला. एवढं सगळं नीट करून मशीन आधीपेक्षा लवकर बंद पडायला लागलं, आणि ते का हे त्याला कळेना, म्हणून तो रात्री झोपत नव्हता, हे नंतर वडिलांनी सांगितलं.

उघडलं. हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, उचलल्यावर पहिल्यांदा मी पेस्टचा ठसा बघतो, माझी सवयच आहे ती. चिप आणि धातू नीट टेकले असतील तर पेस्ट दाबून सगळीकडं पातळ पसरलेली दिसते. इथं एका कोपऱ्यात तेवढी दबलेली, बाकी जशी ट्यूबमधून काढली तशीच गोळा होऊन बसलेली. म्हणजे हीटसिंक चिपवर टेकतच नव्हता. तिरपा उभा होता.

जुने पॅड ठेवलेस का विचारलं तर त्यानं खिशातून काडेपेटी काढली, त्यात जुने पॅड. हे मला फार आवडलं, कारण बहुतेक लोक जुनं फेकून देतात आणि मग मापाला काही राहत नाही. व्हर्नियरनं मोजलं, जुना दबलेला पॅड ०.९ मिलिमीटर, म्हणजे मुळात १ मिलिमीटरचा असणार. त्यानं लावलेला २ मिलिमीटरचा. ऑनलाईन तेवढाच शिल्लक होता आणि त्याला वाटलं जाड म्हणजे जास्त उष्णता ओढेल. मी त्याला कागदावर लिहून दाखवलं की उष्णता वाहून नेण्याचा आकडा तांब्याचा साधारण ४००, पेस्टचा ४ ते १२ आणि हवेचा ०.०२६. पेस्ट काय धातूपेक्षा भारी नाही, ती फक्त दोन पृष्ठभागांमधल्या बारीक खाचांतली हवा हाकलते, म्हणून ती जितकी पातळ तितकी चांगली. पॅडचंपण तसंच, जेवढी फट तेवढाच पॅड. मेमरीवरचा पॅड एक मिलिमीटरनं जास्त झाला की सगळा हीटसिंक वर उचलला जातो आणि सगळ्यात जास्त तापणारी मेन चिप उघडी पडते. मग आतला सेन्सर मशीन बंद करतो, आणि ते बरंच आहे, नाहीतर चिपच जळाली असती.

पण आधी तासाभरात बंद का पडत होतं, हे अजून राहिलं होतं. वडील तोपर्यंत काउंटरच्या बाहेर स्टुलावर बसून सगळं ऐकत होते. मी हीटसिंक उलटा करून लाईटसमोर धरला तर पात्यांच्या मधून उजेडच येईना. धूळ नव्हती ती. धूळ ब्रशनं झडते. हे सुताचं पांढरट बारीक तूस, पात्यांमधे विणल्यासारखं बसलेलं, चिमट्यानं ओढलं तर तुकडा तुटायचा आणि बाकीचं आणखी आत जायचं. पोरानं फॅन पुसला होता पण त्याच्या पलीकडं बघितलंच नव्हतं, आणि बघणार तरी कसं, वरून सगळं स्वच्छ दिसतं.

वडील उठून आले. हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "ही फणीच की ओ."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी समजावलं, मागावर ताण्याचे म्हणजे उभे धागे ज्या पात्यांतून जातात ती फणी, तिच्यातपण असंच सूत अडकतं आणि आडवं ओढलं की जास्तच घट्ट बसतं. पातं जसं आहे तसंच, उभ्यानं काढायचं. माझ्याकडं एक पातळ प्लास्टिकची पट्टी होती, बॅटरी उचलायची, ती त्यांनी मागितली आणि एकेका फटीतून वरून खाली अशी सरकवत नेली, जोर न लावता, बोटांच्या टोकांनी. अख्खी पट्टीच्या पट्टी निघायची, वातीसारखी. चाळीस मिनिटं लागली. एकही पातं वाकलं नाही. मी हे काम इतकी वर्षं करतोय, एअर ब्लोअर मारतो, ब्रश मारतो, पण असं कुणाला करताना बघितलं नव्हतं, मी माझं काम सोडून बघत उभा राहिलो आणि पोरगापण.

मग आणखी एक कळलं. फॅन गेल्या वर्षभरापासून जोरात फिरत असणार, पण घरात चार माग चालू असताना फॅनचा आवाज कुणाला ऐकू येणार? पोरगा म्हणाला एका अमावस्येला माग बंद होते तेव्हा पहिल्यांदा तो आवाज ऐकला आणि घाबरला, तेव्हापासूनच त्यानं वाचायला सुरू केलं.

त्याच्या डोक्यात आणखी एक होतं, कन्सोल टॉवेलात गुंडाळून तापवला की बरा होतो असं कुठंतरी वाचलेलं. ते मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या जुन्या कन्सोलच्या काळातलं, लाल दिव्यांच्या बिघाडासाठी लोक करायचे. त्या बिघाडापायी मायक्रोसॉफ्टला २००७ मधे वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला ठेवावी लागली. टॉवेलनं झाला तर दोन दिवस चालल्यासारखा वाटतो आणि चिप अजून खराब होते. हे मी त्याला अगदी बजावून सांगितलं, आणि हेपण की प्लेस्टेशन ५ मधे पेस्टच्या जागी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, असतं, त्यातून करंट जातो, एक थेंब बाजूला सांडला की बोर्ड शॉर्ट, तर कुणा मित्राचा तसला आला तर घरी हात लावू नकोस.

१ मिलिमीटरचे पॅड लावले, पेस्ट वाटाण्याएवढी, आणि स्क्रू मी त्यालाच आवळायला दिले. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडं जायचं नाही, समोरासमोरचे थोडे थोडे, म्हणजे हीटसिंक सरळ बसतो. त्यानं अगदी हळू केलं. मग परत एकदा उचलून ठसा बघितला, सगळीकडं सारखा. पुसून नवीन पेस्ट, परत बंद.

काउंटरवरच टीव्हीला जोडून गेम लावला. आठ मिनिटं झाली तेव्हा तिघांपैकी कुणीच बोललं नाही. वीस झाली. वडिलांनी चहा सांगितला. दोन तास चाललं, मागून गरम हवा नीट बाहेर येत होती, फॅनचा आवाज पावसाच्या आवाजाखाली दबलेला.

मागाच्या खोलीत ठेवू नका, काचेच्या कपाटात तर नाहीच, आणि तीन महिन्यांनी उघडून बघा असं सांगितलं. वडील म्हणाले, "फणी साफ करतो त्या दिवशी हेबी करूया की," आणि हे ते पोराकडं बघून म्हणाले, माझ्याकडं नाही.

पैसे मी पॅड आणि पेस्टचेच घेतले. निघताना पोरानं माझ्याकडं मार्कर मागितला, वरचं झाकण परत काढलं आणि आतल्या बाजूला लिहिलं, पॅड १ मिमी, २ नाही, आणि खाली तारीख.