तेरा अक्षरी चेसिस नंबर आणि आमची जपानी कॅम्पर व्हॅन

जपानहून आयात झालेली कॅम्पर व्हॅन घेतली म्हटलं की गुहागरात भेटेल तो माणूस एकच विचारतो, "पार्ट मिळतात का हो?" मिळतात. त्याबद्दल पुढे सांगते. पण गाडी माझ्या नावावर होईपर्यंत जो मनस्ताप झाला तो एका नंबरामुळे झाला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. अशी गाडी घ्यायचं कुणाच्या मनात असेल तर त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी कागदांवरचा चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख नंबर, वाचावा, म्हणून हे लिहिते आहे.

गाडी माझ्या मामेभावाची. टोयोटा हायएस, लांब बॉडीची, उंच छताची, २.७ लिटरचं पेट्रोल इंजिन. दादा नोकरीनिमित्त जपानात होता. २०१४ साली कायमचा परत आला तेव्हा वापरातली गाडी सोबत घेऊन आला. जुनी गाडी आणायचे नियम कडक: तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडेच हवं, उतरवायची तीही मुंबई बंदरातच. वर तेव्हा मूळ सीमाशुल्कच १२५ टक्के. ते सगळं दादाने तेव्हाच निस्तरलं होतं. मुंबईत नोंदणीही 'कॅम्पर व्हॅन, खासगी वापर' या वर्गात झाली होती. हा वर्ग केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेतच आहे, त्यामुळे आतल्या पलंगांवरून, ओट्यावरून मला कुणी काही विचारलं नाही. इथे ट्रॅव्हलर किंवा ईको घेऊन आत पलंग बसवून घेणाऱ्यांचं प्रकरण वेगळं. त्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाची परवानगी घ्यावी लागते. सुताराला बोलावण्याआधी ती घ्या.

दादाच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्याने गाडी मला द्यायची ठरवलं. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, विमा, पीयूसी, दोघांचे आधार. मी बँकेत नोकरी केलेली, कागदांची मला भीती नाही. नाव लावण्याआधी म्हटलं नवीन नंबरप्लेट करून घेऊ. १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, तिच्या बुकिंगला चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकायचे असतात. आरसी बुकावर बघून टाकले. नंबर जुळत नाही. परत टाकले. जुळत नाही.

कारण कळायला वेळ लागला, ते आधी सांगते. जपानमध्ये तिथल्याच बाजारासाठी बनलेल्या गाड्यांना आपल्याकडे असतो तसा सतरा अक्षरी नंबर नसतो. मॉडेलचा कोड, मग आडवी रेघ, मग सात आकडे, एवढाच त्यांचा फ्रेम नंबर. आमच्या गाडीचा कोड सहा अक्षरांचा, म्हणजे रेघ सोडली तर नंबर तेरा अक्षरांचा. गाडीच्या पत्र्यावर तेरा, जपानच्या निर्यात प्रमाणपत्रावर तेरा, कस्टमच्या बिल ऑफ एंट्रीवर तेरा, जुन्या आरसी बुकावरही तेरा. पण जुनी नोंद आरटीओच्या संगणकात चढवताना कुणीतरी सतरा पूर्ण करायला शेवटी चार शून्यं जोडली होती. विमा कंपनीनेही चार शून्यं जोडली होती, पण कोड आणि सात आकडे यांच्या मध्ये. एका गाडीचे तीन नंबर झाले. वर्षानुवर्षं विम्याचा हप्ता भरला जात होता आणि पॉलिसीवरचा नंबर जगातल्या कुठल्याच गाडीचा नव्हता. उद्या मोठा अपघात झाला असता तर दाव्याच्या वेळी हेच चार शून्य कंपनीने पुढे केले असते.

जिथे मूळ नोंदणी होती त्या मुंबईच्या कार्यालयात गेले. खिडकीवरच्या माणसाने स्क्रीनकडे बघितलं, माझ्या कागदांकडे नाही.

"मॅडम, चेसिस सतरा अंकी लागतो. हा तेराच आहे. तुमचा कागद अपुरा आहे."

मी बिल ऑफ एंट्री पुढे केली. "हा कस्टमचा कागद. गाडी भारतात आली ती या नंबरने."

"मग विमा बघा ना, त्यात सतरा आहे."

"तो तुमच्या संगणकातल्या सतराशी जुळतो का?"

जुळत नव्हता. मग म्हणाला, आधी विमा बरोबर करून आणा, मग बघू. आणि वर, "मिस्टरांना पाठवा, त्यांना समजेल." गाडी माझ्या नावावर होते आहे आणि चालवणारही मीच आहे, एवढं सांगून मी तिथून निघाले. त्या वाक्याचा संताप मात्र चिपळूण येईपर्यंत उतरला नाही.

विमा कंपनीत गेले तर तिथली मुलगी गोड बोलून म्हणाली, "काकू, आरटीओच्या नोंदीत जो असेल तोच आम्ही घेतो. आरटीओतून दुरुस्त करून आणा, आम्ही लगेच करतो." म्हणजे इकडचे म्हणतात तिकडून आणा, तिकडचे म्हणतात इकडून. दोघांच्या हातात खरा नंबर असलेला सरकारी कागद होता आणि दोघांनाही तो वाचायचा नव्हता. नाव बदलायला खरेदीदाराला ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. ते ३० दिवस या फेऱ्यांतच संपले, पुढे विलंबाचे पैसेही मीच भरले. बँकेत खात्याचा नंबर कमी अक्षरांचा दिसला म्हणून आम्ही कधी मनाने शून्यं भरली नाहीत. ज्याने ती इथे भरली त्याचं नाव कुठेच नाही, आणि ती शून्यं काढायला मला गुहागरहून मुंबईला खेपा.

गाठ सुटली ती विम्याच्या टोकाने. तोंडी बोलणं मी बंद केलं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पत्र दिलं, सोबत बिल ऑफ एंट्री, निर्यात प्रमाणपत्र आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, पत्र्यावरच्या नंबरचा फोटो. मागणी एकच: पॉलिसीत दुरुस्तीचं एंडॉर्समेंट, म्हणजे बदलाची लेखी नोंद, द्या आणि त्यात जुना चुकीचा नंबर व नवा बरोबर नंबर दोन्ही लिहा. हे दोन्ही लिहिणं महत्त्वाचं आहे. नुसता नवा नंबर आला असता तर मागच्या पॉलिसीशी त्याचा संबंध कुणी लावला नसता. आधी तेच ठरलेलं उत्तर आलं. मग विमा नियामकाच्या 'विमा भरोसा' पोर्टलवर तक्रार घातली आणि एंडॉर्समेंट आलं. तक्रारीला १४ दिवसांत उत्तर देणं कंपनीला बांधील असतं, हे लक्षात ठेवा आणि पहिल्याच पत्रात लिहा. मला ते बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं, म्हणून अजून उशीर टळला.

एंडॉर्समेंट घेऊन परत त्याच मुंबईच्या कार्यालयात. या वेळी अर्ज लेखी, प्रतिज्ञापत्र नोटरी केलेलं, दादा सोबत. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय मी खिडकी सोडली नाही. तुम्हीही सोडू नका. शिक्का नसेल तर पुढच्या वेळी 'अर्जच आलेला नाही' हे ऐकावं लागतं. गाडी प्रत्यक्ष तपासणीला आणा म्हणाले. आणली. निरीक्षक खाली वाकले आणि नंबर दिसेना. मुंबईतल्या कुठल्याशा वर्कशॉपने गंज लागू नये म्हणून खालून काळं कोटिंग मारलं होतं, ते थेट नंबरवर. नशिबाने आत अक्षरं शाबूत होती. निरीक्षकांनी स्वतःच सांगितलं, पॉलिश पेपर लावू नका. मऊ कापड रॉकेलमध्ये बुडवून हळूहळू पुसा. घासलेला नंबर दिसला की खाडाखोडीचा संशय येतो आणि मग प्रकरण वेगळ्याच वळणाला लागतं. तसं पुसलं, पेन्सिलने छाप घेतला, तेरा अक्षरं कागदावर उमटली. त्या निरीक्षकांबद्दल मला खरोखर आदर वाटला. सगळ्या प्रवासात माझ्या कागदांकडे आणि गाडीकडे एकत्र बघणारे ते पहिले. त्यांनी शेरा लिहिला, वरच्या अधिकाऱ्यांनी मंजुरी दिली आणि चार शून्यं गेली.

त्यानंतर नाव लागलं, पत्ता बदलला, नवीन प्लेट बसली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, त्यामुळे गाडी अजून मुंबईच्याच नंबरवर आहे.

कोटिंगवरून आठवलं. आमच्याकडे खारा वारा, वर पावसाळ्याचे चार महिने. मिरगाआधी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तयारीची, कामं असतात त्यात गाडीचं कोटिंग धरायचंच. पण मारणाऱ्याच्या शेजारी उभं राहून चेसिस नंबरवर आधी चिकटपट्टी लावून घ्या. सरकत्या दाराचा खालचा रूळ, चाकांच्या कमानी आणि छताची पन्हळ इथे गंज पहिल्यांदा धरतो. किनाऱ्यावरून आलं की त्याच दिवशी विहिरीच्या गोड्या पाण्याने खालून धुवायचं. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, गाडी मुळीच घालू नका. एवढं वजन रुतलं की ट्रॅक्टरही हतबल होतो, आणि तोवर भरती सुरू झालेली असते.

आता पार्ट. हे २.७ लिटरचं इंजिन टोयोटाच्या २टीआर घराण्यातलं, तेच घराणं पेट्रोलच्या इनोव्हा क्रिस्टात आणि पेट्रोलच्या फॉर्च्युनरमध्ये आहे. त्यामुळे प्लग, फिल्टर, बेल्ट असल्या नेहमीच्या वस्तूंसाठी जपानला जावं लागत नाही. फक्त नंबर पडताळून घ्या, वर्षाप्रमाणे फरक असतो. काचा, दाराचे हँडल, दिवे हे मात्र बाहेरूनच मागवावे लागतात, म्हणून गल्लीबोळात सांभाळून. आमच्या चिपळूणच्या मेकॅनिकने पहिल्या दिवशी बॉनेट उघडायला हात घातला. या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली आहे, सीट उचलावी लागते. त्याला सांगितलं, त्याने बघितलं, आणि आता तो दुसऱ्यांना शिकवतो. चांगला मेकॅनिक नवीन गाडीला घाबरत नाही. जो "इंपोर्टेड आहे, हात लावत नाही" म्हणतो त्याच्याकडे परत जायची गरज नाही.

टायर घेताना नुसता आकार बघू नका, भार पेलण्याचा आकडाही बघा. दुकानदार कारचा टायर बसवून देतो, तो आकाराने बसतोही. पण आत पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि माणसं धरून ही गाडी कारच्या वजनाची राहत नाही. कशेडीचा बोगदा झाला तरी घाट संपलेले नाहीत, आंबा घाटाच्या उतारावर टायरनेच गाडी धरायची असते.

विजेचं सगळ्यांत जपायला हवं. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. बाहेरून वीज घ्यायचं जे सॉकेट गाडीला आहे ते १०० व्होल्टचं आहे. घरच्या प्लगमधून सरळ वायर जोडली की आतलं सगळं जळतं. मध्ये उतरत्या दाबाचा ट्रान्सफॉर्मर हवाच. शिवाय जपानच्या पूर्व भागात ५० हर्ट्झ आणि पश्चिम भागात ६० हर्ट्झ चालतं, त्यामुळे मायक्रोवेव्हवर '५०/६०' लिहिलेलं असेल तरच तो इथे वापरा. दादाच्या गाडीतला नुसत्या ६० चा होता, तो काढून तिथे पातेल्यांचं कपाट केलं. फ्रिज १२ व्होल्टचा आहे, त्याला काही धक्का लागत नाही. थंडीसाठीचा हीटर आम्ही काढूनच टाकला, कोकणात त्याचं काम नाही. रेडिओचंही तसंच. जपानचा एफएम बँड ७६ पासून ९५ पर्यंत, ९५ च्या पुढची आपली स्टेशनं लागत नाहीत, बँड एक्सपांडर बसवावा लागतो.

पावसाळ्यात गाडी बंद ठेवलीत तर आतली गादी, पडदे काढून घरात ठेवा आणि कपाटांची दारं उघडी टाका. नाहीतर श्रावणापर्यंत सगळ्यावर बुरशी येते. ओटा नवीन करणार असाल तर मरीन प्लायच वापरा.

दाभोळ-धोपावे फेरीवर गाडी चढते. पण मागचा भाग लांब असल्यामुळे ओहोटीला उतरताना तो टेकतो. फेरीवरच्या पोरांना आधी सांगितलं की ते चाकाखाली फळ्या देतात, आणि मी शक्यतो भरतीची वेळ बघूनच निघते.

अजून एक राहिलं. बिल ऑफ एंट्रीची मूळ प्रत गाडीत ठेवू नका. गाडीत साक्षांकित झेरॉक्स, मूळ घरी कपाटात. निर्यात प्रमाणपत्र आणि त्याचं भाषांतर त्याच फाइलमध्ये, दुरुस्तीचा आदेश आणि एंडॉर्समेंट त्यांच्यावर. विम्याचं नूतनीकरण दर वर्षी होतं आणि कंपनी बदलली की नवा माणूस नंबर नव्याने टाइप करतो. पॉलिसी हातात आली की त्याच मिनिटाला तेरा अक्षरं एकेक करून ताडून बघा. यंदा मी बघितली तर परत एक शून्य जास्त होतं. त्याच संध्याकाळी मेल टाकला, एंडॉर्समेंटची प्रत जोडली, दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन आलं.