सेवापुस्तक जळाले, अर्ज उरला

कोषागारात ३१ वर्षे निवृत्तिवेतनाची प्रकरणे तपासण्यात गेल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कोणताही जुना कागद समोर आला, की मजकूर वाचण्याआधी माझी नजर तारखेकडे, सहीकडे आणि सोबत जोडलेल्या दाखल्यांकडे जाते. ही खोड ओहायोत मुलाच्या घरी उपयोगी पडेल, असे मात्र कधी वाटले नव्हते. आमच्या सूनबाई तिकडच्याच. त्यांच्या आजींनी एकदा जेवणानंतर अभिमानाने सांगितले, की त्यांच्या घराण्यातला एक पुरुष अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्यात कॅप्टन होता आणि त्या युद्धातल्या यॉर्कटाउनच्या निर्णायक वेढ्यात हजर होता. पुरावा काय आहे, असे मी विचारून गेलो. व्याह्यांच्या घरी असे विचारायचे नसते, हे सौ.च्या चेहऱ्यावरून लगेच कळले; पण आजीबाईंनी शांतपणे उत्तर दिले, "पुरावा तुम्हीच काढा."

आपल्याकडे अशा वेळी सेवापुस्तक मागवतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील शिपायांच्या बाबतीत त्या जागी हजेरीपट आणि पगारपत्रके होती. परंतु ८ नोव्हेंबर १८०० रोजी वॉशिंग्टनमधील युद्धखात्याच्या कचेरीला आग लागून त्यांतील बहुतेक दप्तर गेले, आणि १८१४ मध्ये ब्रिटिशांनी शहरातील सरकारी इमारती जाळल्या तेव्हा आणखी काही गेले. जखमी शिपायांनी त्यापूर्वी केलेल्या अर्जांचीही तीच गत झाली. राष्ट्रीय अभिलेखागारातील कित्येक पाकिटांत आज एक कार्ड तेवढे निघते आणि त्यावर 'अपंग, कागद नाहीत' असा शेरा असतो. पुढे १८९० च्या दशकात युद्धखात्याने इकडून तिकडून जमवलेल्या हजेरीपटांवरून शिपायांच्या नावाची कार्डे तयार करवली. ती उपयोगी आहेत, पण त्यांत नाव, हुद्दा, पलटण आणि हजेरी यापलीकडे फारसे काही नसते. माणूस कोणाचा, त्याची बायको कोण, म्हातारपणी तो कोठे गेला, हे हजेरीपटाला विचारून उपयोग नाही. शिरगणतीला विचारावे, तर १८५० पूर्वीच्या शिरगणतीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. बायका-मुले म्हणजे वयोगटांच्या रकान्यांतले आकडे.

ही माणसे सापडतात ती निवृत्तिवेतनाच्या अर्जांत, आणि त्याचे कारण आमच्या खात्याला शोभेल असेच आहे. सरकारचे स्वतःचे दप्तर उरले नव्हते, म्हणून पुरावा आणण्याचे ओझे अर्जदारावर पडले. १८ मार्च १८१८ च्या कायद्याने कॉन्टिनेन्टल सैन्यात, म्हणजे वॉशिंग्टनच्या हाताखालच्या खड्या फौजेत, किमान नऊ महिने किंवा युद्ध संपेपर्यंत चाकरी केलेल्या गरजू शिपायाला महिना ८ डॉलर आणि अधिकाऱ्याला २० डॉलर मिळू लागले. अर्ज अपेक्षेपेक्षा फार अधिक आले, खोट्या प्रकरणांची ओरड झाली, आणि १ मे १८२० च्या कायद्याने प्रत्येकाला न्यायालयात शपथेवर आपल्या मालमत्तेची यादी देणे भाग पडले. मेन राज्यातल्या जोसेफ प्लंब मार्टिन याने दिलेल्या यादीत दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर आहे. बायको संधिवाताने आजारी आहे, आपण मजूर असलो तरी वयामुळे आता काम होत नाही, असेही त्यात आले. अशा याद्यांत घरातील माणसांची नावे आणि वये येतात. ती वाचताना माझ्यातला तपासनीस 'गाय दुभती की भाकड' असे विचारू पाहतो आणि मला स्वतःचीच थोडी लाज वाटते.

आमच्या शोधाच्या कामी आला तो ७ जून १८३२ चा कायदा. त्यात गरिबीची अट नव्हती, आणि मिलिशियात, म्हणजे गावोगावच्या हंगामी शिबंदीत, केलेली चाकरीही धरली जाई. किमान सहा महिने भरली पाहिजेत आणि दोन वर्षे भरली तर पूर्ण वेतन, अशी प्रमाणवारी होती. कागद नाहीत असे म्हणणाऱ्या अर्जदाराला न्यायाधीशाने विचारायचे प्रश्नही ठरवून दिलेले होते. जन्म कोठे व कोणत्या साली झाला, वयाची नोंद आहे का आणि असल्यास ती कोठे आहे, चाकरीवर गेलात तेव्हा कोठे राहत होता आणि त्यानंतर कोठकोठे राहिलात, स्वतःहून गेलात की सक्तीच्या भरतीत चिठ्ठी निघाली की दुसऱ्याच्या बदली गेलात, अधिकारी कोण होते, चाकरीतून मोकळे केल्याचा कागद मिळाला होता का, आणि तुमच्या खरेपणाची ग्वाही देतील असे शेजारी कोण. वतनाच्या तंट्यात आपले लोक जो करीना, म्हणजे हक्काची हकिगत, लिहून देत, त्याचीच ही बहीण. फरक एवढाच, की करीन्यात माणूस पूर्वजांपासून सुरुवात करतो आणि येथे स्वतःपासून.

या फायली सुमारे ८०,००० आहेत. त्यांच्या सूक्ष्मपटाच्या (मायक्रोफिल्मच्या) संचात २,६७० रिळे असून आता सारे घरबसल्या पाहता येते. तरीही माझे पहिले दोन महिने वाया गेले. आडनाव तीन प्रकारे लिहिलेले सापडत होते, कारण कारकुनाने कानावर पडले तसे ते लिहिले; त्याची मला सवय होती. चूक झाली ती पहिल्या नावात. एका यादीत 'जेएनओ' अशी तीन अक्षरे होती, ती मी जोनाथन अशी वाचली आणि न्यू जर्सीतल्या एका भलत्याच जोनाथनच्या मागे लागलो. त्याची बायको, मुले, जमीन असे सगळे जमवून वहीत वंशवेल काढली. सूनबाईंच्या आजींनी ती पाहून एवढेच विचारले, की हा गृहस्थ स्वतःच्या मुलापेक्षा नऊ वर्षांनीच मोठा कसा. ती तीन अक्षरे म्हणजे जॉनचे रूढ संक्षिप्त रूप आहे, हे मला त्यानंतर कळले. कोषागारात असताना असे प्रकरण मी पहिल्याच पानावर त्रुटी काढून परत पाठवले असते.

खरा जॉन ओहायोतल्या वॉरेन काउंटीच्या न्यायालयात सापडला, वय वर्षे ७४. तो मूळचा न्यू जर्सीतल्या हंटरडन काउंटीचा. मिलिशियात एक महिना चाकरी आणि एक महिना घरी अशी पाळी असे, आणि त्याने नऊ पाळ्या वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. त्या बहुतेक एलिझाबेथटाउनच्या किनाऱ्यावरच्या. समोर स्टेटन बेटावर इंग्रज होते, आणि रात्रीच्या वेळी त्यांच्या होड्या येऊ नयेत म्हणून पहारा द्यायचा. एका पाळीबद्दल तो सांगतो, की थंडी फार होती, लढाई झाली नाही, आणि ती पाळी त्याने आजारी भावाच्या बदली केली. कॅप्टन तो कधीच नव्हता. यॉर्कटाउनचा उल्लेख आहे, पण तो असा, की वेढ्याची बातमी आली तेव्हा आपण घरी कापणीवर होतो.

हे आजीबाईंना कसे सांगावे, याचा घोर मला आठवडाभर होता. त्यांनी ऐकून घेतले आणि भावाचे नाव विचारले. ते नाव घरात कोणालाही ठाऊक नव्हते.

अर्जाच्या शेवटी सही नाही. नाव आणि आडनाव यांच्या मध्ये एक फुली आहे, डावीकडची रेघ शाईने जाड झालेली, आणि फुलीच्या वर 'त्याची' व खाली 'खूण' असे कारकुनाने बारीक अक्षरात लिहिले आहे. आपल्या जुन्या कागदांत पाटलाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' येते आणि नांगर काढलेला असतो. या माणसाने आयुष्यभर नांगरच धरला, पण सरकारदरबारी त्याच्या वाट्याला फुली आली. नऊ महिन्यांचे त्याला वर्षाला ३० डॉलर मंजूर झाले, तेही ४ मार्च १८३१ पासूनच्या थकबाकीसह. पायदळातील शिपायाला दोन वर्षांच्या चाकरीबद्दल वर्षाला ८० डॉलर, म्हणून चोवीस महिन्यांतल्या नऊ महिन्यांचे ३०. मी गणित करून पाहिले; बरोबर आहे.

शोधताना नामंजूर फायली मी मुद्दाम उघडल्या, कारण नामंजुरीचे पत्र लांब असते आणि त्याला आलेले उत्तर त्याहून लांब. जेहू ग्रँट या ऱ्होड आयलंडमधील कृष्णवर्णीय शिपायाची फाईल त्यांतलीच आहे. तो गुलाम होता, मालकाच्या घरून पळून सैन्यात गेला आणि काही महिन्यांनी मालकाने त्याला परत नेले. १८३२ च्या कायद्याखाली त्याने अर्ज केला. १८३४ मध्ये उत्तर आले, की मालकाची चाकरी सोडून पळालेल्या माणसाची चाकरी या कायद्यात बसत नाही. १८३६ मध्ये, वय ऐंशीच्या आसपास असताना, त्याने पुन्हा लिहिले, आणि तेही फेटाळले गेले. नियम काटेकोर पाळल्याचा अभिमान मी अनेक वर्षे बाळगला आहे. ती फाईल वाचून झाल्यावर त्या दिवशी दुसरे काही वाचले नाही.

आमचा जॉन १८३४ मध्ये वारला आणि प्रकरण त्याच्या बायकोच्या नावे सुरू झाले. जिवंत शिपायाच्या फाईलला इंग्रजी 'एस' अक्षर असते, विधवेच्या फाईलला 'डब्ल्यू'. विधवेची मिळाली तर देवच पावला म्हणावे, कारण तिला नवऱ्याची चाकरी आणि स्वतःचे लग्न या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागत. ४ जुलै १८३६ च्या कायद्यात नवऱ्याची चाकरी संपण्याआधी झालेले लग्नच चाले, आणि हिचे लग्न १७८४ मधले, म्हणून ती बाद झाली. ७ जुलै १८३८ च्या कायद्याने १ जानेवारी १७९४ पूर्वीचे कोणतेही लग्न चालू लागले, तेव्हा तिने पुन्हा अर्ज केला. पुरावा अपुरा म्हणून प्रकरण परत आले. लग्न लावणारा पाद्री हयात नव्हता, चर्चची वही सापडत नव्हती. मग तिच्या धाकट्या बहिणीने शपथेवर सांगितले, की लग्न माहेरच्या घरी झाले आणि त्या दिवशी आपण बारा वर्षांच्या होतो. अशा रीतीने माहेरचे आडनाव आले, बहीण आली, माहेरचे गाव आले. पहिल्या पुराव्यावरच मंजुरी मिळाली असती, तर यातले काहीही लिहिले गेले नसते.

बहिणीच्या जबानीच्या मागे एक छापील चौकटीचे पान आहे. बायबलच्या जुन्या आणि नव्या करारांच्या मध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू लिहिण्याची पाने असत. पुराव्यासाठी लोक ती फाडून टपालाने वॉशिंग्टनला पाठवत, आणि त्यांतली कित्येक परत आली नाहीत. या पानावर आठ मुलांचे जन्म आहेत. पाचवे मूल दीड वर्षाचे होऊन गेले, आणि त्याच्या नावापुढची तारीख वेगळ्या शाईत आहे. आजीबाईंनी कपाटातून घराण्याचे बायबल काढले. दोन करारांच्या मध्ये बोटभर रुंदीची फाटकी कड होती. ती उंदराने कुरतडली असावी, असे त्या घरात आजवर सांगत आले होते.

त्यानंतरचे काम सोपे होते. १८४० च्या शिरगणतीत युद्धाचे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची नावे आणि वये वेगळ्या रकान्यात लिहिली आहेत, आणि तो निवृत्तिवेतनधारक कोणाच्या घरी राहतो तेही कळते. तेथे ही बाई तिसऱ्या मुलाच्या घरी आहे. त्याच मुलापासून आमच्या सूनबाईंचे घराणे येते. त्या साली ती गेली. वेतन ४ मार्च आणि ४ सप्टेंबर असे सहामाही मिळे, त्यामुळे मध्येच मृत्यू झाला की शेवटच्या देयकासाठी मृत्यूची तारीख आणि वारसांची नावे द्यावी लागत. हे कागद मुख्य फाईलमध्ये नसतात, लेखापालांच्या दप्तरात वेगळे शोधावे लागतात. तिची तारीख १९ जुलै १८४० निघाली, आणि हयात मुलांची नावे सहा.

४ मार्च ते १९ जुलै म्हणजे चार महिने पंधरा दिवस, दरमहा अडीच डॉलर. मी कागदावर मांडले तर ११ डॉलर २५ सेंट आले. देयकावरही तेवढेच आहेत, आणि सहाही वारसांनी खाली सह्या केल्या आहेत. फुली एकाचीही नाही.